खांबापाशी उभा माणूस

आमच्या भिंतीवर इंग्लंडमधल्या एका जुन्या मठाचं छापील चित्र आहे. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी नीट मोजमापं घेऊन काढलेलं. मठाचं छप्पर कधीच कोसळलंय, कमानींतून नुसतं आभाळ दिसतं, आणि एका खांबापाशी टोपी घातलेला एवढासा माणूस उभा आहे.

आमचे हे वास्तुकलेच्या कॉलेजात ड्रॉइंग शिकवायचे. चित्र त्यांनीच आणून लावलं. मी एकदा विचारलं, "एवढ्या पडक्या मठात हा एकटा काय करतोय?"

ते हसले. "अगं, तो मापासाठी आहे. माणूस काढला नाही, तर खांब केवढा उंच ते कळणार कसं?"

मला मात्र त्या माणसाची उगीच काळजी वाटायची. घरी कुणी वाट बघत असेल का त्याची?

परवा यांचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेल्यावर मी चित्रापाशी गेले आणि त्या माणसावर अंगठा ठेवून पाहिला. खरंच, खांब केवढा ते काही कळेना. मी घाईने अंगठा उचलला. तो होता तिथेच उभा होता.

मग मागे वळले. आमच्या दोनच खोल्या. जागा पुरत नाही म्हणून आम्ही दोघं जन्मभर कुरकुरलो. आता त्या केवढ्या आहेत, मला सांगता येत नाही.