काट्यावरचे बन्सीकाका

श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात कानिफनाथ दरंदले वजनकाट्याचे कॉम्प्युटर सांभाळतो. माणूस हुशार, आणि ते तो कुणाला विसरू देत नाही. त्याचं सगळं काम काळ्या पडद्यावर, टाइप करून. माउस वापरणाऱ्याकडे तो अशा नजरेनं बघतो, की त्या माणसानं भाकरी काट्याचमच्यानं खायला घेतली असावी.

हंगामाच्या तोंडावर काट्याचा जुना कॉम्प्युटर मेला. उसाच्या वजनाची पावती छापणारं सॉफ्टवेअर फक्त त्याच्यावरच चालायचं, आणि ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. संचालकांचे चेहरे उतरले. कानिफनाथनं मात्र त्या कॉम्प्युटरच्या डिस्कची अख्खी नक्कल आधीच एका फाईलीत काढून ठेवली होती. इमेज म्हणतात तिला. नव्या मशीनवर त्यानं एक लांबलचक कमांड टाइप केली, आणि पडद्यावरच्या एका चौकटीत जुना कॉम्प्युटर काही झालंच नसल्यासारखा सुरू झाला.

सुरू झाला तो बन्सीकाकांच्या फोटोसकट. बन्सीकाका म्हणजे माजी चेअरमन. मागच्या निवडणुकीत श्रीमंतरावांनी त्यांना पाडलं, चेअरमन झाले, आणि तेव्हापासून काकांची तसबीर, कोनशिला, एवढंच काय, त्यांनी लावलेलं अशोकाचं झाडसुद्धा कारखान्यातून नाहीसं झालं होतं. पडद्यावर काका हात जोडून हसत होते. कानिफनाथनं तो फोटो काढून श्रीमंतरावांचा लावला, मशीन बंद केलं आणि शीळ घालत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. त्याला जोडूनच काट्याचंही उद्घाटन उरकायचं ठरलं. श्रीमंतरावांनी नारळ हातात घेऊन काट्याचा कॉम्प्युटर कुठाय म्हणून विचारलं. तो फाईलीत आहे म्हटल्यावर त्यांनी नारळ टेबलाच्या पायाशी फोडला. कानिफनाथनं ऐटीत कमांड दिली. पडदा उजळला, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर बन्सीकाका पुन्हा हात जोडून हजर. माजी चेअरमन म्हणून रिवाजानं बोलावलेले, मानाच्या खुर्चीवर बसलेले खरे बन्सीकाका उठले, मोबाईल काढला आणि त्यांनी स्वतःच्या फोटोचा फोटो घेतला.

श्रीमंतरावांनी कानिफनाथला काट्यामागं नेलं.

"खरं सांग, तू कुनाचा मानूस हाय?"

 चूक कानिफनाथचीच होती. चाचणीसाठी त्यानं कमांडमध्ये 'स्नॅपशॉट' हा शब्द घातला होता. तो असला, की मशीन बंद झाल्यावर आत केलेलं सगळं पुसलं जातं आणि पुढच्या वेळी ते पहिल्यासारखं उठतं. शब्द काढायचा राहून गेला होता. त्यानं हे सगळं चाचरत सांगितलं.

"म्हंजे, दिवसभर काय बी करायचं, आन बंद केलं की कायच झालं न्हाई?"

"व्हय, साहेब."

श्रीमंतरावांनी मागंपुढं कुणी नाही ना ते बघितलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "आपल्या वार्षिक सभेला लावता येतो का रं ह्यो शब्द?"

नोकरी वाचली. कानिफनाथनं तो शब्द खोडला आणि भानगड नको म्हणून पडद्यावर नुसता निळा रंग ठेवला. गाळप सुरळीत सुरू झालं, पावत्या निघू लागल्या.

आठवड्याभरानं बन्सीकाकांच्या गाडीतून काट्यावर पेढ्यांचा पुडा आला, खास कानिफनाथसाठी, भर गर्दीत. त्या दिवसापासून तो स्नॅपशॉट म्हणजे काय ते दिसेल त्याला समजावून सांगतो. लोक पेढा खात ऐकून घेतात आणि डोळा मारतात.