काचेच्या बरणीतले निरांजन

आमच्या घराण्यात एक गोष्ट सांगतात आणि ती साफ चुकीची आहे. माझ्या पत्नीने म्हणे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शेळीच्या बीजांपुढे निरांजन लावले आणि मूल मागितले. मखमलाबादच्या मळ्यातल्या माझ्या वहिनींपासून सातपूरच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या पुतण्यापर्यंत सर्वांना ती पाठ आहे. त्या खोलीत दोनच माणसे होती, आणि सांगणाऱ्यांपैकी एकही तिथे नव्हता.

नव्वदच्या दशकातली ही हकीकत. मी प्राणिशास्त्र शिकवीत असे. सस्तन मादीचे स्त्रीबीज तिच्या जन्माआधीपासून अंडाशयात ‘झोपलेले’ असते, असे विद्यार्थी लिहीत आणि सहकारी त्याला गुण देत. मी देत नसे. ते बीज विभाजनाच्या अर्ध्यावर थांबलेले असते, आणि थांबून राहण्यासाठी आत अखंड राबत असते. त्याला पुढे ढकलणारे प्रथिन तयार होते आणि तयार होताच मोडले जाते. भोवतालच्या पेशी ‘थांब’ हा निरोप पाठवीत असतात तोवर हे चालते. निरोप तुटला की मोडणे आवरते, प्रथिन साठते, केंद्रकाचे आवरण विरते आणि वर्षानुवर्षे अडलेले काम काही तासांत पुढे सरकते. त्यासाठी नव्या सूचना लिहाव्या लागत नाहीत. बीजाने त्या आधीच लिहून ठेवलेल्या असतात आणि वेळ येताच एकेक उघडल्या जातात. फळ्यावर हे कितीदा मांडले, तरी ‘झोपलेले’ जाईना. तेव्हा दाखवायचे ठरवले.

एका शनिवारी खाटकाकडून शेळीची अंडाशये घरच्या थर्मासमधून, कोमट मिठाच्या पाण्यात आणली. थर्मास गेला म्हणून पत्नी बोलली हे खरे. तिने तो गोदावरीत फेकला हे खोटे. बाहेर काढलेली बीजे उबेत ठेवायची आणि त्यांच्या हवेत कार्बन डायऑक्साइड थोडा वाढवायचा होता. तसे यंत्र आमच्याकडे नव्हते. जाड काचेच्या बरणीत बीजांच्या बशीशेजारी ज्योत लावून झाकण दाबले, की ती विझते तोवर आतला कार्बन डायऑक्साइड हवा तेवढा वाढलेला असतो. माझी मेणबत्ती उंच निघाली, झाकण बसेना.

डबा घेऊन आलेली पत्नी म्हणाली, “अहो, निरांजन चालेल?”

आवारातल्या आमच्या घरून तिने ते आणले, वात पेटवली, झाकण मी लावले. ज्योत मंदावली, विझली, आणि बरणी मी उबेत ठेवली. पूजा म्हणतात ती एवढीच.

दुसरी चुकीची गोष्ट तिच्याविषयीची. तिचे बीज पक्व होत नाही, असे डॉक्टर पूर्वी म्हणाले होते. घरात त्याचे ‘तिच्यात बीजच नाही’ असे झाले. त्याच आठवड्यात पुतण्याच्या बायकोचे डोहाळजेवण होते, आणि वहिनींनी पत्नीला सुचवले होते की तिने ओटी भरायला पुढे होऊ नये. जायचे की नाही, हे तिचे ठरत नव्हते.

रविवारी दुपारी बरणी उघडली. बहुतेक बीजे काळवंडली होती. एकाभोवतीच्या पेशी मात्र, आदल्या दिवशी घट्ट चिकटलेल्या, फुलून सुट्या झाल्या होत्या. त्या हलकेच दूर केल्या. बीजाच्या कडेला, पारदर्शक आवरणाच्या आत, सूक्ष्मदर्शकातून एक इवला गोळा दिसला. निम्मी गुणसूत्रे त्यात टाकून बीज पक्व झाले होते आणि पुन्हा थांबले होते. आता दुसरे एक प्रथिन त्याला शुक्राणू येईपर्यंत रोखून धरीत होते. खाटकाच्या ओट्यावरून चहाच्या थर्मासमधून आलेला तो कण. त्याला कोणी काही शिकवले नव्हते. पुस्तकातले प्रत्येक वाक्य मला ठाऊक होते, तरी मी भिंगावरचा डोळा काढून उभा राहिलो.

मग पत्नीने भिंगाला डोळा लावला.

“हे काल रिकामं नव्हतं?”

“रिकामं कधीच नव्हतं. थोपवून धरलेलं होतं.”

“आणि जे पिकतच नाही ते?”

“तेही रिकामं नसतं. कुठेतरी अडलेलं असतं.”

ती भिंगावरून उठली. “मग जाऊबाईंना हे कोणी सांगायचं?”

“तू.”

डोहाळजेवणाला ती गेली आणि तिने ओटी भरली. तिथे काय बोलणे झाले ते मी ऐकलेले नाही, म्हणून सांगत नाही. वहिनींच्या तोंडी ‘बीजच नाही’ हे पुन्हा आले नाही, हे मात्र माझ्या कानांनी जाणतो. आम्हाला मूल झाले नाही.

काही वर्षांनी पुतण्याच्या धाकटीचे बारसे होते. पंगतीत त्याने सुरुवात केली, “आमच्या काकूंनी शेळीच्या अंड्याला ओवाळलं, हात जोडले...”

मी पाट मागे सारला. “ज्योत होती ती कार्बन डायऑक्साइडसाठी.”

“काका, ते झालं ऐकून. बासुंदी घ्या.”

बाळ मांडीवर घेऊन बसलेली पत्नी म्हणाली, “हात जोडले होते रे, पण मी नाही. ह्यांनी. भिंगातनं डोळा काढला आणि उभ्या उभ्या जोडले. मला आपलं हसू येत होतं.”

सगळी पंगत माझ्याकडे पाहू लागली. मी वाटी पुढे केली आणि बासुंदी घेतली.