रेडिएटरमधली हळद

गाडी पाणी पितेय हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला हसू आलं होतं. मागच्या टाकीत अख्ख्या वस्तीचं पाणी, आणि पुढं रेडिएटर कोरडा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्या दुष्काळात मी शिरूर कासारच्या बाजूला एका वस्तीवर टँकर नेत होतो. दिवसाला एक खेप. विहिरीत पाणी सोडायचं, कागदावर सही घ्यायची, परत फिरायचं. गाडी माझी होती, पण त्याआधी ती दूध संघाची होती आणि मी तिचा ड्रायव्हर होतो. वीस वर्षं तिच्यातून गावोगावचे दुधाचे कॅन गोळा केले. मग चारा संपला, जनावरं बाजारात गेली, संघात दुधापेक्षा संचालक जास्त झाले आणि एक दिवस गेटला कुलूप लागलं. गाड्या लिलावात निघाल्या तेव्हा माझी मीच घेतली. दुसऱ्या कुणी घेतली असती तर महिन्यात क्लच जाळला असता. दारावरच्या ‘दूध’ या अक्षरांवर मी दोनदा रंग मारला, पण ऊन लागलं की ती परत वर यायची.

घरी मी एकटा होतो. बायको दिवाळीनंतर सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली. नातू झाला, बारसं झालं, सव्वा महिना उलटला, तरी ती आली नाही. फोनवर म्हणायची, “पाणी आलं की येते.” मी तिला दोष देत नाही. आमच्या गल्लीतल्या हापशाला तासाला दोन घागरी पाणी यायचं आणि त्या दोन घागरींसाठी तिनं दोन उन्हाळे रांगेत काढले होते. माझ्या टँकरमधली एक बादलीही मी कधी घरी उतरवली नाही आणि तिनंही ती मागितली नाही. तेव्हा मला त्याचा अभिमान होता. आता वाटतं, तिनं एकदा तरी मागायला हवं होतं. मी काय म्हणालो असतो, ते मला अजून माहीत नाही.

जाताना ती हळदीचा डबा भरून ठेवून गेली. वसमतची हळकुंडं आणून तिनं स्वतः गिरणीत उभं राहून दळून घेतली होती. मला जुना खोकला, त्यामुळं रोज झोपताना दुधात हळद घालून प्यायची, ही तिची ताकीद. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “ही हळद संपायच्या आत एक तर पाणी येईल, न्हाई तर तुमी या. गाडी काय जन्माला पुरणार हाय का?” पोराचंही तेच म्हणणं होतं. गाडी बंद पडली की पुण्याला यायचं, त्याच्या सोसायटीत वॉचमनची जागा होती. थोडक्यात, माझं गावात राहणं त्या इंजिनावर टेकलेलं होतं, आणि हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी मात्र हळदीची चिमूट लहान करत गेलो. डबा जितका पुरेल तितका पुरवायचा होता मला.

पाणी कमी होतंय म्हणून मी गाडीखाली वाकलो, तर रेडिएटरच्या बुडाला ओल दिसली. थेंब थेंब गळत होतं. अशा गळतीवर ड्रायव्हर लोकांचा एक ठरलेला उपाय असतो. संघात तर प्रत्येकाच्या सीटखाली हळदीची पुडी असायची. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायची, ती पाण्याबरोबर फिरत फिरत भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. मूठभर पुरते. मी अख्खा डबा उपडा केला.

असं का केलं, ते सांगायला हवं. आदल्या संध्याकाळी फोनवर तिनं विचारलं होतं, “हळद संपली का?” मी म्हणालो, “आहे अजून.” ती म्हणाली, “तुमी पीतच नसाल.” त्या एका वाक्याचा मला असा राग आला की रात्रभर डोक्यातून गेला नाही. एकट्या माणसाचा राग लवकर निवत नाही, कारण समोर भांडायला कुणी नसतं. सकाळी डबा घेऊनच गाडीवर गेलो.

गळती थांबली. आठ दिवस मी मोठ्या ऐटीत गाडी चालवली. पाणी तरीही कमी होतच होतं, पण खाली थेंब नव्हता, म्हणून मी मनाला सांगितलं की उन्हाची वाफ होत असेल. गरमीचा काटा रोज थोडा वर सरकत होता, तर म्हटलं काटा बिघडला असेल. माणूस स्वतःशी खोटं बोलायला लागला की त्याला साक्षीदारही लागत नाही.

नवव्या दिवशी वस्तीच्या अलीकडच्या चढावर गाडीनं मान टाकली. मागून पांढरा धूर, पुढून वाफ, आणि काटा लाल पट्ट्याच्याही पलीकडं. भरदुपारची वेळ. मागं टाकी काठोकाठ भरलेली. मी चाकांना दगड लावले आणि गाडीच्या सावलीत बसलो. चहूकडं नुसतं रान, त्यात एक ढेकूळसुद्धा ओलं नाही. खोकला आला तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला.

थोड्या वेळानं किल्ल्यांचा आवाज आला, म्हणून मी ओळखलं की आबा येताहेत. वस्तीवरची बहुतेक घरं बंद होती. माणसं दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेली होती, ती पाडव्याच्या सुमारास परतणार. मागं राहिली होती आठ म्हातारी माणसं. त्यांतले आबा सगळ्यांत वडील, म्हणून प्रत्येक घर कुलूप लावताना किल्ली त्यांच्याकडं देऊन गेलं होतं. त्या सगळ्या किल्ल्या तारेत ओवून ते कमरेला बांधायचे.

“काय झालं रं?” त्यांनी विचारलं.

“तापली, आबा.”

“वाईच बसू दे मग तिला.” आणि ते माझ्या शेजारी सावलीत बसले. नंतर म्हणाले, “पाणी तर टाकीतच हाय ना? मग आमी घागरीनं न्हेतो. तू तुझ्या गाडीचं बघ.”

मी चढावर उभा राहून रेंज पकडली आणि मिस्त्रीला फोन केला. हा संघाच्या वर्कशॉपमधला माझा जुना जोडीदार. संघ बुडाल्यावर शिरूरला पत्र्याच्या टपरीत मोटरसायकली दुरुस्त करत होता. तासाभरात तो आला. आल्या आल्या त्यानं बोनेटवर थाप मारली, जुन्या म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.

“ह्यात काय टाकलंस का बे?”

“न्हाई,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि कामाला लागला. आधी ऑइल बघायची पट्टी ओढली. टोकाला ऑइल चहासारखं दुधाळ झालेलं. “संघ बुडाला, पण ही अजून दूध देतीय,” तो म्हणाला. आम्ही दोघंही हसलो नाही. ऑइलमध्ये पाणी म्हणजे काय, ते दोघांनाही कळत होतं. “पण जास्त न्हाई गेलेलं. मिनिटभर चालवून बघू.”

इंजिन पुरतं निवेपर्यंत आम्ही थांबलो. मग त्यानं पंख्याचा पट्टा काढला. पट्टा काढला की पाण्याचा पंप फिरत नाही आणि रेडिएटरमधलं पाणी जागच्या जागी उभं राहतं. झाकण उघडून त्यानं काठापर्यंत पाणी भरलं आणि मला गाडी सुरू करायला सांगितली. मी सुरू करून खाली उतरलो आणि दोघं झाकणावर वाकलो. उभ्या पाण्यात बुडबुडे यायला नकोत. आले तर ती इंजिनातली हवा, म्हणजे इंजिन आणि त्याच्या वरचं हेड यांच्या मधलं गॅस्केट गेलं. आधी काही नव्हतं. मग एक आला, मग भाताला आधण यावं तसे येतच राहिले. मिस्त्रीनं पाना घेतला आणि डिझेलच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल केले, परत आवळले; ज्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर बुडबुडे थांबतील, गॅस्केट तिथं फुटलेलं. पहिला सैल केला, बुडबुडे तसेच. दुसरा, तिसरा, तसेच. चौथा सैल केला आणि पाणी शांत झालं.

“चार नंबर,” तो म्हणाला आणि गाडी बंद करायला सांगितली.

मग त्यानं खालचा पाइप काढला. पाणी पिवळंजर्द आलं आणि पाठोपाठ गाळ. त्यानं तो बोटावर घेऊन हुंगला.

“हळद टाकलीस? आन् मला न्हाई म्हणलास कावून?”

मी खाली पडलेला पाना उचलून पुसायला लागलो.

“रोग म्हशीला, औषध पखालीला. गॅस्केट आदीच जळायला लागलं आसंल, पाणी इंजिनात जात हुतं. तू खालची वल बघितली आन् हळद वतली. नळ्या बुजल्या, गाडी तापली, गेलं सगळं. किती टाकलीस?”

“डबाभर.”

“लगीन लावायचं हुतं का गाडीचं?” तो म्हणाला. पण माझा चेहरा बघून तो परत पाइपकडं वळला.

आता प्रश्न एवढाच होता, की नुसतं गॅस्केट गेलंय की हेडही तडकलंय. गॅस्केट बदलता येतं. तडकलेलं हेड बदलायला त्या जुन्या गाडीत पैसा ओतणं वेडेपणा होता. म्हणजे हेड तडकलं असेल तर गाडी भंगारात, आणि मी पुण्यात. आम्ही तिथंच रस्त्यावर हेड उतरवलं, दोघांनी उचलून पोत्यात गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी काळीपिवळी जीपमध्ये टाकून मी एकटा गेवराईला लेथवाल्याकडं गेलो. वाटेत पोराचा फोन आला, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आता बास करा, बाबा.”

लेथवाला कमी बोलणारा माणूस होता. त्यानं हेड घासून स्वच्छ केलं, त्यावर रॉकेल लावलं, थोडा वेळ मुरू दिलं, पुसून कोरडं केलं आणि वरून खडूची भुकटी फासली. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर वर येतं आणि काळी रेघ उमटते. “बसा,” तो म्हणाला आणि दुसऱ्या कामाकडं वळला.

मी त्या पांढऱ्या लोखंडासमोर स्टुलावर बसलो. खरं सांगतो, रेघ उमटावी असं मला एकदा वाटलं. उमटली असती तर मला काही ठरवावं लागलं नसतं. घराला कुलूप लावून किल्ली आबांच्या तारेत ओवली असती, नातवाला मांडीवर घेतलं असतं, आणि रोज कुणीतरी ‘जेवलात का’ असं विचारलं असतं. लगेच वस्तीवरची आठ माणसं डोळ्यांपुढं आली आणि मला स्वतःची लाज वाटली. पण नंतर लाजेचाही राग आला. माझी वाट बघणारी माणसं फक्त वस्तीवरच होती असं थोडंच होतं.

रेघ उमटली नाही. हेड थोडं वाकलं होतं, ते त्यानं लेथवर सरळ करून दिलं.

पाचव्या दिवशी मिस्त्रीनं नवं गॅस्केट बसवलं. रेडिएटर उलटा करून दोन तास धुतला, तरी शेवटपर्यंत पिवळं येतच होतं. त्या पाच दिवसांत दुसरा टँकर आलाच नव्हता. आबांनी कॉकपाशी बसून माणशी घागरी वाटल्या होत्या आणि टाकीत थोडं पाणी राखून ठेवलं होतं. “हिच्या वाटणीचं,” ते म्हणाले. तेच पाणी रेडिएटरमध्ये भरून गाडी सुरू केली. काटा मधोमध येऊन थांबला आणि तिथंच राहिला.

दुपारी मी ताजी खेप घेऊन वस्तीवर आलो. विहिरीत पाणी सोडलं, आठही जण काठाशी येऊन उभे राहिले, आणि तेवढ्यात तिचा फोन आला.

“हळद संपली का?” तिनं नेहमीचं विचारलं.

“संपली.”

तिच्या मागं बाळ रडत होतं, त्याचा आवाज लांब गेला, म्हणजे ती दुसऱ्या खोलीत गेली असणार. मग तिचा सूर बदललेला मला ऐकू आला. “मग या आता. डबा तेवढा आना, हितं भरू. पोरगं म्हणत हुतं, गाडी लई बिघडली म्हणून.”

“गॅस्केट गेलं होतं,” मी म्हणालो. “आज सुरू झाली.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“पाण्याचा आवाज येतोय,” ती म्हणाली.

“विहिरीत सोडलंय.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “खोकल्याकडं बघा.” आणि तिनं फोन ठेवला.

गाडी सुरू झाली म्हणून वस्तीवरची आठही माणसं खूश होती, मिस्त्री खूश होता. गाडी सुरू होऊ नये म्हणून इतके दिवस कुणीतरी पुण्यात वाट बघत होतं, आणि त्या माणसाला ती बातमी मीच दिली होती. तिला परत फोन लावावा असं वाटलं, पण लावून काय सांगणार होतो. टाकी रिकामी झाली, तसा मी कॉक बंद केला आणि सहीचा कागद आबांपुढं धरला.