सुजाताचे लंगोट

माझ्या मुलीच्या लंगोटांपायी मी महाडच्या कोर्टात तीन दिवस उभा होतो, आणि मी आरोपी नव्हतो. मी तिथला कारकून होतो.

सुजाता आमची पहिली मुलगी. तिची कातडी इतकी नाजूक, की कोणी जरा जास्त वेळ तिच्याकडे बघितलं तरी तिथे लाल चट्टा उठेल असं वाटायचं. त्या पावसाळ्यात तिच्या मांड्यांच्या सांध्यात आणि ढुंगणावर असं काही पुरळ आलं, की लंगोट बांधायला घेतला की ती किंचाळायची आणि सोडायला घेतला तरी किंचाळायची. डॉक्टर म्हणाले, "मऊ सुती कापड बांधा आणि कोरडं ठेवा."

कोरडं हा शब्द महाडच्या पावसाळ्यात कोणी मनावर घेत नाही. भांडण झालं ते 'मऊ'वरून.

माझी आई पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीवरून खास नातीसाठी आली होती. ती म्हणाली, "जुन्या लुगड्यासारखा मऊ कपडा जगात नाय. याला त्याच्यातच वाढवलाय." (याला म्हणजे मला. पुरावा म्हणून तिने माझ्याकडे बोट दाखवलं. बायकोने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पुरावा अपुरा ठरवला.)

बायको, म्हणजे शालिनी, प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिने बाजारातून नवीन मलमल आणली होती. "जुन्या कपड्यात जंतू असतात, आई."

"माझ्या लुगड्यात जंतू हायत? अगो, मी नेसत होते ता!"

तेवढ्यात शालिनीचा भाऊ मुंबईहून आला. तो गोदीत कामाला. त्याने पिशवीतून टॉवेलच्या कापडाचे जाडजूड लंगोट आणि त्यावर घालायची प्लॅस्टिकची चड्डी काढली. "दाजी, एकदम फस्कलास माल! फॉरेनची पोरं हेच बांधतात. पुरळ नाय, काय नाय."

"तू फॉरेनच्या पोरांची ढुंगणं बघून आलास?" शालिनीने विचारलं.

तिघेही माझ्याकडे वळले. घरातला मी एकटाच शास्त्र शाखेत शिकलेला (आणि नापास झालेला!). मी गंभीरपणे जाहीर केलं, "बाळाला बोलता येत नाही. तेव्हा ज्याला बोलता येतं अशा माणसावर आधी प्रयोग केला पाहिजे."

आणि मी तिन्ही कापडांच्या पट्ट्या माझ्या हाताला बांधल्या. आईने पट्ट्या चाचपून बघितल्या.

"हाताला काय कळणार रे? हात काय मुतात लोळतो?"

शास्त्रीयदृष्ट्या हा मुद्दा बिनतोड होता.

सोमवारी मी आईच्या लुगड्याचा लंगोट बांधून, वर पॅन्ट चढवून कोर्टात गेलो. प्रयोग खरा व्हावा म्हणून लंगोट ओला केला होता. पॅन्ट भिजली, पण त्या दिवसांत महाडमध्ये कोणाची पॅन्ट कोरडी असते! दुपारपर्यंत मला खुर्चीवर बसवेना. मंगळवारी मलमल. तिचाही तोच निकाल. मी फायली उभ्याने लिहू लागलो, पाय फाकवून चालू लागलो, आणि मधूनच दाराच्या कडेला पाठ घासू लागलो. (पाठ म्हणजे, सभ्य भाषेत.)

कोर्टात बातमी पसरायला पुकारा लागत नाही. संध्याकाळच्या आत एका वकिलांनी मला बाजूला घेतलं. "लाजू नका. मूळव्याधीवर सुरण खा."

"मला काही झालं नाहीये, साहेब."

"आमचे मामाही असंच म्हणायचे. शेवटी ऑपरेशन झालं."

बेलिफाने कोकम सुचवलं. पट्टेवाल्याने गुपचूप माझ्या खुर्चीवर एक उशी आणून ठेवली. त्याच्या डोळ्यांतली सहानुभूती बघून खरं सांगायचं माझं धाडस होईना.

बुधवारी टॉवेलची पाळी. प्लॅस्टिकची चड्डी माझ्या पायाच्या अंगठ्यावरही चढली नसती, म्हणून मी टेबलावर घालायचं फुलाफुलांचं प्लॅस्टिक कापून गुंडाळलं आणि मोठी सेफ्टी पिन लावली. घरात ठीक वाटलं. कोर्टात मात्र शांतता असते, हे मी विसरलो होतो. मी पाऊल टाकलं की चुर्र. थांबलो की शांत. पुन्हा पाऊल, पुन्हा चुर्र.

न्यायाधीशसाहेबांनी चष्मा वर केला. "फायलींत उंदीर शिरलाय का? बघा जरा."

मी बघायला गेलो. चुर्र, चुर्र, चुर्र.

"तिकडेच आहे," साहेब म्हणाले.

मग साक्षीदाराचा पुकारा झाला. पाचाडकडचे एक म्हातारे शेतकरी, जन्मात पहिल्यांदा कोर्टात आलेले, घाबरून काठीला घट्ट धरून उभे. शपथ देणं माझं काम. मी म्हटलं, "बाबा, मी म्हणेन तसंच म्हणायचं. एक शब्द चुकवायचा नाही."

"व्हय, साहेब."

"मी शपथेवर सांगतो की..."

"मी शपथेवर सांगतो की..."

"मी जे सांगेन ते खरं..."

"मी जे सांगेन ते खरं..."

इथे सेफ्टी पिन उघडली.

"आई गंऽऽ!"

"आई गंऽऽ!" म्हातारबाबा खणखणीत आवाजात म्हणाले.

"मेलो!"

"मेलो!"

"अहो, हे नाही!"

"अहो, हे नाही!"

कोर्टात असं हसू मी नंतर कधी ऐकलं नाही. दोन्ही बाजूंचे वकील पहिल्यांदाच एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते. माझ्या पॅन्टच्या पायातून फुलाफुलांचं प्लॅस्टिक हळूहळू खाली उतरत होतं.

साहेबांनी मला जवळ बोलावलं. मी खालच्या आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी तोंडाला रुमाल लावला. मग म्हणाले, "घरी जा. आणि जाताना डॉक्टरांकडून जा."

मी सुजाताला आणि शालिनीला घेऊनच दवाखान्यात गेलो. खरं सांगतो, त्या वाटेवर मला पहिल्यांदा कळलं, की ती इवलीशी पोर इतके दिवस काय सांगत होती. मला निदान 'मेलो' म्हणता येत होतं. तिला तेही येत नव्हतं. ती रडत होती आणि मी तिला छातीशी धरून पाय फाकवून चालत होतो.

डॉक्टरांनी आधी तिला तपासलं, मग पडद्याआड मला.

"दोघांचं पुरळ सारखंच आहे. कुठल्या कापडाने आलं?"

"तिन्ही कापडांनी!" मी म्हणालो.

"मग कापडाचा दोष कसा? धुतं कोण?"

"मीच," मी अभिमानाने सांगितलं. "मुलगी झाल्यापासून लंगोट मी दुसऱ्या कोणाला धुऊ देत नाही. जंतू मरावेत म्हणून मूठमूठ धुण्याचा सोडा घालतो. नळाला गढूळ पाणी येतं, म्हणून एकदाच खळबळतो. आणि प्रयोग निःपक्षपाती व्हावा म्हणून ही तिन्ही कापडंही मी त्याच सोड्यात धुतली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. शालिनीने कपाळाला हात लावला.

"सोडा बंद," डॉक्टर म्हणाले. "पाणी उकळून गार करा आणि त्यात चांगलं दोन-तीनदा खळबळा. कापड कुठलंही चालेल. आणि धुणं दुसऱ्या कोणालातरी द्या."

सोडा गेला आणि लुगडं, मलमल, टॉवेल सगळंच मऊ निघालं. आई आणि शालिनी, दोघी एकाच वेळी जिंकल्या. मेहुणा मुंबईत बसून जिंकला. सुजाताचं पुरळ चारसहा दिवसांत गेलं, ती हसायला लागली. माझं मात्र हटेना. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांची कातडी लवकर भरून येते, तुम्हाला वेळ लागेल. तोवर घरी पॅन्ट घालू नका, मऊ सुती काहीतरी बांधा.

शेजारच्या बायका सुजाताची चौकशी करायला यायच्या. मी आतल्या खोलीत पालथा पडलेला असायचो. बाहेरून आईचा आवाज यायचा,

"पोरगी बरी हाय गो. ह्ये वाळत घातलेले बापाचे हायत."