एडवणच्या वाळूवर हिरवी गाडी

दिनकरचं पत्र शुक्रवारी ऑफिसात आलं. चार ओळी होत्या. ‘डॉक्टरांनी गाडी चालवणं कायमचं बंद सांगितलंय. त्याआधी एकदा मोकळी सोडायची आहे. रस्त्यावर नको, कुणाला लागायला नको. रविवारी आठला एडवणला पूर्ण ओहोटी आहे. ये.’ मी रात्रपाळी बदलून घेतली आणि शनिवारी पहाटे मुंबईहून माझी जुनी फियाट बाहेर काढली.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीतली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं आणि अहमदाबाद हायवेवर ट्रकच्या मागे तासन् तास धूर खात जावं लागायचं. मनोरला हायवे सोडला. नाक्यावर उसळ-पाव आणि दोन चहा मिळून पाच रुपयांत पोट भरलं. तिथून पालघरचा रस्ता अरुंद, पण झाडीतला. वाघोबाच्या खिंडीत पुढचा टेम्पोवाला देवळापाशी थांबला, हात जोडले आणि मगच उतरणीला लागला. मीही थांबलो. त्या दिवशी थांबावंसं वाटलं.

दिनकर बोईसरला एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर. आमची दोस्ती कॉलेजातली. त्याने पन्नासच्या दशकातली दोन सीटची विलायती स्पोर्ट्स कार भंगारातून उचलली होती, आणि नऊ वर्षं ड्युटी संपल्यावर तिच्यावर काम केलं होतं. मिळत नसलेले भाग त्याने स्वतः लेथवर काढले. गडद हिरवा रंग, तारांची चाकं, बॉनेटवर चामड्याचा पट्टा. दोन कार्बोरेटर एका सुरात आणायला तो रबरी नळीचं एक टोक कानाला लावून तासभर ऐकत बसायचा.

त्याचा आजार काचबिंदू. समोरचं स्वच्छ दिसायचं, बाजूचं काहीच नाही. “नळीतून बघितल्यासारखं,” तो म्हणाला. “दर महिन्याला नळी बारीक होतेय.”

रविवारी सहाला निघालो. वहिनींनी थर्मास दिला आणि मला बाजूला घेतलं. “भावजी, ह्यांना अडवायचं मी कधीच सोडलंय. तुम्ही फक्त त्यांचे डोळे व्हा.”

रस्त्यावर हिरवी गाडी मी चालवणार, असं ठरलं होतं. बोईसरच्या पंपावर पेट्रोल भरणाऱ्याने गाडीला चक्कर मारली.

“साहब, ये कितना देती है?”

“सुख बहुत देती है,” दिनकर म्हणाला. “पेट्रोल मत पूछ.”

पालघर, माकुणसार, सफाळे असं करत एडवणला पोचायला दीड तास लागला. सफाळ्याच्या पुढे घाटवळणं आहेत. तिथे गिअर खाली घेताना दिनकर डोळे मिटून ऐकत होता. मी क्लच एकदाच दाबला की, “दोनदा,” एवढंच म्हणायचा; त्या जुन्या गिअरबॉक्सला खालचा गिअर घेताना क्लच दोनदा दाबावा लागायचा.

किनाऱ्यावर त्याच्या ओळखीचा म्हातारा तांडेल उभा होता. चाळीस वर्षं बोट चालवलेला माणूस. त्याने सकाळीच अनवाणी चालून वाळू तपासली होती. मागे बांबूंवर बोंबील टांगणाऱ्या बायका काम टाकून गाडीभोवती जमल्या.

“तांडेल, ही कसली होडी? हिला टपच नाय!”

“माज्या नवऱ्यासारखी दिसते. आवाज मोटा नि बसायला जागा नाय.”

तांडेल हसला नाही. त्याने दिनकरचा खांदा धरून त्याला उत्तरेकडे तोंड करून उभं केलं. “भाऊ, तो ताड दिसतो? एकटा हाय तो.”

“दिसतो.”

“त्याच्या मागं देवलाचा कळस. आमी समुद्रात जाळ्याची जागा अशीच धरतो. ताडावर कळस ठेवायचा. कळस डावीकडं सरला तर तू चुकलास, उजवीकडं सरला तरी चुकलास. एकावर एक हाय तोवर खाली घट्ट वाळू. बाजूला बघायचं कामच नाय.”

दिनकर बराच वेळ तिकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मला पुरेल एवढं दिसतंय.”

आम्ही बसलो. त्याने पुढची काच बॉनेटवर आडवी पाडली. दुसरा गिअर, तिसरा. ताशी साठ मैलांवर वाळूचा आवाज बदलला, खरखर जाऊन रेशीम फाडल्यासारखा झाला. वारा डोळ्यांतून पाणी काढत होता. दिनकरचे हात स्टीअरिंगवर हलके होते. मी कधी कुणाला इतकं सरळ बसलेलं पाहिलं नव्हतं. आणि मला एकदम वाटलं की याला दिसत नाही. त्याला दिसत नाही, आणि मी त्याच्या शेजारी बसलोय.

“डावीकडे!” मी ओरडलो. “उजवं घे!”

त्याने घेतलं. क्षणही न थांबता. चाकं काळ्या वाळूत गेली, खाली चिखल होता, आणि गाडी अ‍ॅक्सलपर्यंत रुतून थांबली.

दिनकरने इंजिन बंद केलं. दूर ओहोटीची रेघ आता रेघ राहिली नव्हती. पाणी वळलं होतं.

तांडेलने ओरडून माणसं बोलावली. होड्या ओढायचे लाकडी ओंडके आले, त्यांना माशाचं तेल चोपडलेलं. दोर मागच्या अ‍ॅक्सलला बांधला. बायका, पुरुष, सगळे दोराला लागले. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी “हैस्सा” म्हणत ओढायचं. दर हाकेला गाडी वीतभर मागे यायची आणि सुटलेला ओंडका उचलून पुन्हा मागे टाकायचा. अर्ध्या तासाने ती घट्ट वाळूवर आली. पहिल्या फेरीच्या आमच्या खुणांवर तोवर पाणी चढलं होतं.

दिनकर चाकांपाशी बसून ब्रेक चाचपत होता. “अजून एक फेरी होईल?” त्याने तांडेलला विचारलं.

“एक. वरच्या अंगानं. पण रेघ बदलली, मी संगती बसतो.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तू इथंच ऱ्हा, बाबा. तुजं भ्याव लई जड हाय. तेच रुतलं.”

मला राग यायला हवा होता. आला नाही.

म्हातारा ओले पाय झटकून माझ्या जागेवर बसला. गाडी गेली ती पहिल्यापेक्षा वेगाने. मी वाळूवर उभा राहून फक्त ऐकलं. तिसरा, चौथा, आणि मग चौथ्याच गिअरमध्ये तो लांबलचक, न तुटणारा सूर. हिरवा ठिपका ताडाच्या बुंध्याशी जाऊन थांबला. दोघं बराच वेळ उतरले नाहीत.

परतताना दिनकरने चावी माझ्या हातात ठेवली. घरी पोचताच विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडी खालून-वरून धुतली. खारं पाणी रात्रभर राहिलं तर पत्रा खातं. आज कुणी एडवणला जाणार असेल तर मी सांगेन, जरूर जा, सुके बोंबील घ्या, पण गाडी वाळूवर नेऊ नका. तो तांडेल आता नाही.

उन्हाळ्यात गाडी विकली गेली. तीन वर्षांनी दिनकरची नळीही मिटली. तो मुंबईत माझ्याकडे आला की चहा घेताना एकदा तरी विचारायचा, “त्या दिवशी डावीकडे काय होतं रे?” मी म्हणायचो, जाळं पसरलं होतं. एकदा म्हणालो होतो, बायका होत्या.

शेवटी एका दुपारी सांगितलं. “काही नव्हतं, दिनकर. मी घाबरलो होतो.”

त्याने कप चाचपत बशीत ठेवला. “माहीत आहे. तांडेल बसल्याबरोबर मी त्याला तेच विचारलं होतं.”

“मग इतकी वर्षं मला का विचारत होतास?”

“तू कधी सांगतोस ते बघत होतो.” त्याने खिडकीकडे तोंड वळवलं. “ताड आहे का रे अजून?”

पुढच्या रविवारी मी एकटाच एडवणला जाऊन आलो. परतताना सफाळ्याच्या बूथवरूनच दिनकरला फोन केला. ताड आहे. कळसही आहे, त्याच्यावरच.