भिंत किती रंग खाती

घरात पाऊल टाकलं की ते आधी पाणी मागायचे. प्यायला नव्हे हो! हात ओला करून भिंतीवर थापायचे आणि ओल किती वेळात जिरते ते बघत उभे राहायचे. "बघू, किती रंग खाती." टेप नाही, कागद-पेन्सिल नाही. लातूरच्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांच्या रंगाचा अंदाज या रंगारी मामांनी असाच काढलेला. डबा ना उरायचा, ना कमी पडायचा.

लेक पहिल्या बाळंतपणाला यायची होती. तिची खोली मला फिकट पिवळी करायची होती. पलंगामागच्या भिंतीवर मामांनी हात थापला, तर ओल बघता बघता गडप. त्यांनी कॅलेंडर काढलं. मागे केसाएवढी तिरपी भेग.

"बाई, ही भिंत चालायली."

"अगं बाई! माउलींनंतर तुम्हीच की!" मी हसले. ते हसले नाहीत.

"पुट्टी भरा अन् उरका. लेक रविवारी येतेय."

"न्हाई भरणार."

माझं डोकंच फिरलं. रंग लावायला बोलावलंय की शकुन सांगायला? मामांनी भेगेवर आडवी कागदाची पट्टी चिकटवली. "ही फाटली तर लेकीला इथं निजवू नगा."

लेक आली त्या सकाळी पट्टी फाटलेली होती. लेकीची गादी पुढच्या खोलीत घातली, तरी साधं भांडं पडलं की मी भिंत बघायला धावायची. इंजिनियर येऊन म्हणाला, पाया खचलाय, भिंत पाडा.

तुम्हाला कसं कळलं, म्हणून मामांना विचारलं. ते नखातला रंग खरवडत म्हणाले,

"भूकंपाच्या साली महालक्ष्म्याला बहीण माहेरी आल्ती. आमच्या घरात अशीच भेग. मीच चुना दाबून भरला, वरून तिच्या पसंतीचा गुलाबी मारला. लई भारी दिसायली होती भिंत. बहीण तिच्याखालीच निजायची."

मी त्याच दिवशी भिंत पाडायला माणसं बोलावली.

नवी भिंत उभी राहिली, पण ती बघायला मामा उरले नाहीत. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

नात आता रांगते. भिंत अजून नुसत्या सिमेंटची आहे. परवा लेकीनं मोबाइलवर रंग दाखवला. "आई, हा गुलाबी बघ ना. काय भारी दिसेल!"

मी नातीला उचलून अंगणात घेऊन गेले.