बशीबाई आणि हौदातला फेस

बटाट्याचा स्टार्च काढणाऱ्या कारखान्यात आम्ही दोघी जावा कामाला. मी पॅकिंगला, थोरल्या जाऊबाई प्रयोगशाळेत. मुलं हाताशी आल्यावर त्यांनी कॉलेजात शिकलेलं पुन्हा घासूनपुसून काढलं आणि नोकरी धरली. दिवसभर काचेच्या बश्यांमध्ये जंतू वाढवून बघत, म्हणून सगळे त्यांना बशीबाई म्हणत.

काम तसं एकसुरी. स्टार्चमध्ये जंतू नाहीत एवढं बघायचं आणि सही करायची. "काही सापडलं नाही, याचाच पगार घेते मी," असं त्या जेवताना हसून म्हणायच्या.

कारखान्याच्या मागे एक हौद होता. बटाटे धुतलेलं पाणी आणि सालांचा लगदा त्यात जायचा. एका उन्हाळ्यात त्यावर फेस धरायला लागला. थोडाथोडका नाही, वाऱ्याने उडून सायकलींच्या सीटवर जाऊन बसणारा. व्यवस्थापकांनी सरळ धुलाई विभागातल्या बायकांना बोलावलं आणि विचारलं, "घरचे कपडे इथे आणून धुता का?" बायका रडकुंडीला आल्या.

बशीबाई तडक उठल्या. बाटली घेऊन हौदावर गेल्या, पाणी भरून आणलं आणि पुढचे काही दिवस बश्यांना डोळे लावून बसल्या.

एका दुपारच्या सुट्टीत त्यांनी मला आत बोलावलं. एका ताटलीत पाणी होतं आणि त्यावर फिटरकडून मागून आणलेलं काळं तेल पसरलं होतं. दुसरीकडे एका बाटलीत, सालं उकळून थंड केलेल्या पाण्यात त्यांनी हौदातले जंतू वाढवले होते. त्या बाटलीतला एक थेंब त्यांनी तेलाच्या मधोमध सोडला. तेल भराभरा कडेला पळालं आणि मधे स्वच्छ पाण्याचा गोल उघडा पडला.

"अगंबाई. ह्यात घातलंय काय?"

"काही नाही गं. सालं खाऊन हे जंतू स्वतःच साबणासारखा पदार्थ तयार करतात. तेल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत ना, हा पदार्थ मधे पडून त्यांचं जमवून देतो."

"म्हणजे भांडणं मिटवायला येणाऱ्या आपल्या आत्याबाईंसारखाच."

"हो, पण हा जेवायला राहत नाही."

व्यवस्थापकांनाही त्यांनी तो थेंब दाखवला. माणूस तापट, पण मनाने सरळ. ते स्वतः धुलाई विभागात गेले आणि म्हणाले, "चुकलं माझं. साबण तुम्ही टाकला नव्हता." बायकांना गुन्हेगार बघायचाच होता, म्हणून बशीबाईंनी त्यांना आळीपाळीने सूक्ष्मदर्शकातून जंतू दाखवले. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई बराच वेळ डोळा लावून बसली. मग म्हणाली, "एवढेसे? आणि बोलणी आम्ही खाल्ली."

व्यवस्थापकांनी जुनी कोठी मोकळी करून दिली. "हा साबण ड्रमभर करून दाखवा, मशिनी धुवायला वापरू." आता ह्या जंतूंना हवा लागते. ड्रममध्ये हवा सोडली की फेस, आणि फेस काही ड्रममध्ये राहायला तयार नाही. तो दाराखालून बाहेर आला, बोळ ओलांडून थेट व्यवस्थापकांच्या खोलीशी पोचला. ते पोटरीपर्यंत फेसात उभे राहून म्हणाले, "बाई, माझे बूट कुठे आहेत ते तरी कळू द्या."

हवा कमी केली तर जंतू मरगळायचे. तेलाचे थेंब टाकले तर फेस जरा बसायचा आणि पुन्हा फुगायचा. शेवटी बशीबाई बादल्या भरभरून फेस गटारात ओतायला लागल्या. घरी आल्या तरी डोक्यात ड्रमच. भाजीत मीठ दोनदा पडायचं आणि भावोजी निमूट खायचे.

एके दिवशी एक बादली ओतायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी फेस खाली बसला होता आणि तळाला थोडं पिवळसर पाणी उरलं होतं. सवयीने त्यांनी त्याचा थेंब तेलावर टाकला. तेल ताटलीच्या पार काठाला जाऊन चिकटलं. मग ड्रममधल्या पाण्याचा थेंब टाकून बघितला. तेल जेमतेम हललं. बशीबाई उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसल्या आणि इतक्या हसत सुटल्या की फिटर धावत आला.

"अहो, मी माल फेकत होते आणि पाणी जपत होते."

जंतूंनी केलेला सगळा साबण फेसाबरोबर वर चढून बसत होता. फिटरने ड्रमच्या झाकणाला एक वाकडा पाइप जोडला. तेव्हापासून फेस आपल्या पायांनी चढून डब्यात उतरतो, आणि तो बसून झालेल्या पाण्याने मशिनी आणि तेलकट फरशा धुतल्या जातात. धुलाईच्या बायका डबा न्यायला थेट बशीबाईंकडे येतात, येताना गप्पाही घेऊन येतात.

बशीबाईंचं निवृत्तीचं वय उलटून गेलं, पण कारखाना त्यांना सोडत नाही आणि त्याही कारखान्याला सोडत नाहीत. सध्या साखर कारखान्यातून मळी आणून तिच्यावर जंतू वाढवायचं चाललंय. ते अजून जमलेलं नाही. परवा विचारलं, तर म्हणाल्या, "खातात भरपूर, काम मात्र काही करत नाहीत." आणि मजेत चहाचं आधण ठेवायला उठल्या.